१२३४५६७८९८७६५४३२१ : गुणधर्म संख्येचे किती आणि लिखाणाचे किती?

गोदाकाठचा_शिक्षक
नमस्कार. २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी आमच्या शाळेतील नववीचे विद्यार्थी भित्तिपत्रक तयार करीत आहेत आणि त्यांनी संपूर्ण पत्रक १२३४५६७८९८७६५४३२१ या एकाच संख्येवर करायचे ठरवले आहे. मुलांनी आतापर्यंत तीन गोष्टी शोधल्या आहेत. ही संख्या उलटसुलट वाचली तरी तीच राहते; ती १११११११११ चा (नऊ वेळा एक) वर्ग आहे; आणि तिच्या अंकांची बेरीज ८१ येत असून त्याच ८१ ने तिला निःशेष भाग जातो.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. यातील कोणता गुणधर्म त्या संख्येचा स्वतःचा आहे आणि कोणता केवळ आपण दहा अंकांत लिहितो म्हणून दिसतो, हे मुलांना नेमके कसे सांगावे? पत्रकाचे दोन रकाने करावेत असा विचार आहे. जाणकारांनी मदत करावी.

पंचवटीकर
सर, वर्ग असणे हा निःसंशय संख्येचा स्वतःचा गुण आहे. तितके खडे घेऊन चौरस मांडला तर तो पुरा होतो, मग ती संख्या रोमन अंकांत लिहा नाहीतर लिहूच नका. उलटसुलट सारखे वाचणे मात्र पूर्णपणे लिखाणाचे आहे. ८१ ची गोष्ट कोणत्या रकान्यात जाईल याविषयी मला खात्रीने बोलता येणार नाही, कारण अंकांची बेरीज लिखाणातून येते आणि भाग जाणे संख्येतून येते.

निवृत्त_मास्तर
ज्यांनी अशा संख्यांचा नावे ठेवून अभ्यास केला ते आपल्याच गावचे होते, हे या धाग्यावर आधी नोंदवले पाहिजे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवीत होते आणि १९८६ साली त्यांचे निधन झाले. १, १२१, १२३२१, १२३४३२१ या कुळाला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर ही कल्पना त्यांना सुचली, त्याचे ते नाव.

त्यांची व्याख्या या कुळापेक्षा व्यापक होती. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करायचे. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज एकाच अंकाच्या पुनरावृत्तीने बनलेली यावी आणि मधल्या भागातही तोच अंक असावा. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९ आणि उजवीकडे ८७६५४३२१ असे भाग पाडले, तर कडेच्या भागांची बेरीज ९९९९९९९९ येते. मुलांना हे करून पाहायला सांगावे.

अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचेच. तेव्हा पत्रकावर ८१ ची नोंद करताना तो शब्द अवश्य वापरावा.

मृण्मयी_इंदिरानगर
मास्तरकाका, सुंदर माहिती. मी संख्येचे मूळ अवयव पाडून पाहिले. १११११११११ = १११ × १००१००१; त्यातील १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. शेवटची ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून आपली मोठी संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. घातांकांत एक-एक मिळवून गुणल्यास ५ × ३ × ३ म्हणजे एकूण ४५ विभाजक मिळतात. विभाजकांची संख्या विषम येणे हे पूर्ण वर्गाचेच लक्षण आहे. हे सगळे पहिल्या रकान्यात जाईल, नाही का?

शून्यवादी
मला थोडा विरोधी सूर लावू द्या. केम्ब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्येच अशा चमत्कृतींचा समाचार घेतला होता. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे. आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डी म्हणतात की हे कोड्यांच्या सदराला शोभते, गणितज्ञाला यात काही आकर्षण नाही, कारण अशा विधानातून पुढे कोठेच जाता येत नाही. आपली सतरा अंकी संख्या मला त्याच पंक्तीतली वाटते. नववीच्या मुलांचा वेळ त्यापेक्षा मूळ संख्या अनंत आहेत याच्या सिद्धतेवर घालवला तर अधिक बरे.

हातचा_एक
@शून्यवादी, ८७१२ आणि आपली संख्या यांत एक मोठा फरक आहे. ८७१२ का तशी आहे हे तपासूनच पाहावे लागते. ही संख्या तशी का आहे हे न तपासता समजते.

नऊ एकांना नऊ एकांनी पाटीवर मांडून गुणा. १११११११११ ही ओळ नऊ वेळा येते आणि प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकते. उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करीत मधल्या स्तंभात नऊ एक येतात आणि तेथून उतरण सुरू होते. कोठेही हातचा येत नाही. सगळे रहस्य एवढ्यातच आहे. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा निघतो, आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. मनोरा ढासळतो, पण कोठे आणि का ढासळतो हेही आपण आधीच सांगू शकतो: मधल्या १० चा ० होऊन हातचा १, त्यामुळे शेजारच्या ९ चा पुन्हा १० होऊन ० आणि हातचा १, त्यामुळे त्याच्या शेजारच्या ८ चा ९, आणि तेथे प्रकरण थांबते.

शून्यवादी
मान्य, पण ‘हातचा येत नाही’ हे कारण पुन्हा दहाच्या पद्धतीचेच झाले.

हातचा_एक
दहाच्या पद्धतीचे नाही, पद्धत कोणतीही असो. पाया ८ घ्या, म्हणजे केवळ ० ते ७ हे अंक वापरा. त्यात सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. किंमत अर्थातच वेगळी, मांडणी तीच.

लेखापाल_कॉलेजरोड
मोठ्या माणसांच्या चर्चेत एक व्यावहारिक सूचना. मुले जर पडताळा एक्सेलमध्ये घेणार असतील तर त्यांना सावध करा. तेथे संख्येचे पहिले पंधरा अंकच जपले जातात, त्यामुळे ही संख्या टंकली की शेवटचे दोन अंक शून्य होऊन १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसते. त्याला ८१ ने भागून ‘सर, भाग जात नाही’ अशी तक्रार आली तर दोष संख्येचा नसेल.

संगणक_सिडको
लेखापालसाहेबांच्या सूचनेत थोडी भर घालतो. अनेक संगणकीय भाषा संख्या ज्या नेहमीच्या पद्धतीने साठवतात, तिच्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, येथपर्यंतच सर्व पूर्णांक अचूक राहतात. त्याच्या पुढे लगेच विषम संख्यांना जागाच नसते. आपली संख्या त्या मर्यादेपलीकडची आणि विषम आहे, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये ती १२३४५६७८९८७६५४३२० अशी छापली जाते. पायथॉनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, तेथे पडताळा घ्यावा. अर्थात खरा पडताळा कागदावरच होतो, आणि त्याला पाचच मिनिटे लागतात.

सातपूरचा_सतीश
नाशिक रोडच्या छापखान्यातल्या नोटेवरही हा क्रमांक मावणार नाही, नाहीतर मी ती जपून ठेवली असती.

मृण्मयी_इंदिरानगर
कागदावरचाच एक पडताळा देते, फार छोटा आहे. १११११११११ ला ९ ने भागल्यास १२३४५६७९ येतात (यात ८ नाही, हे सर्वांना ठाऊक असेलच). आता आपली संख्या म्हणजे १११११११११ × १११११११११, तेव्हा एका अवयवातला ९ काढून दुसऱ्याला दिला की ती १२३४५६७९ × ९९९९९९९९९ होते. नऊ नवांनी गुणणे म्हणजे संख्येपुढे नऊ शून्ये मांडून तीच संख्या वजा करणे:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

म्हणजे चढण आणि उतरण ही दोन्ही एका वजाबाकीतून निघतात. यावरून हेही दिसते की संख्येचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन तुकडे करून बेरीज केली तर नऊ नव का येतात.

पंचवटीकर
हा दोन तुकड्यांचा प्रकार म्हणजे कापरेकर संख्यांचीच रीत नव्हे का? वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे पाडायचे, बेरीज करायची, मूळ संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या.

निवृत्त_मास्तर
रीत तीच. १११११११११ मात्र त्या परीक्षेत बसत नाही, कारण बेरीज तिच्या नऊपट येते. ९९९९९९९९९ बसते: तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि त्याचे तुकडे ९९९९९९९९८ व १ मिळून पुन्हा ९९९९९९९९९. सहा अंकांतले सुप्रसिद्ध उदाहरण १४२८५७ चे; तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

मखमलाबाद_नाका
६१७४ विषयी कोणीच कसे काही लिहिले नाही? नाशिककर म्हणून मला तर तीच संख्या सर्वांत प्रिय आहे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि मग जगाला देवळालीचा पत्ता कळला. त्या संख्येवर…

संपादक_मंडळ
६१७४ साठी स्वतंत्र धागा पूर्वीपासून आहे आणि तेथे पुरेशी धूळवड झालेली आहे. येथे कृपया सतरा अंकी संख्येवरच बोलावे.

वैशाली_गंगापूररोड
ही संख्या वाचायची कशी, हा प्रश्न माझ्या मुलाने विचारला आणि मला भास्कराचार्यांनी दिलेली अठरा स्थाननामे आठवली. त्या क्रमाने ही संख्या अशी वाचता येते: १ मध्य, २ अन्त्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश आणि १. आणखी एकच घर पुढे असते तर परार्ध गाठले असते. प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव असल्यामुळे येथे चढण-उतरण कानालाही कळते, जी ‘लाख कोटी’ म्हणत वाचताना पार हरवते.

गोदाकाठचा_शिक्षक
वैशालीताई, हे पत्रकाच्या शीर्षस्थानी जाईल. पण माझा मूळ प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. ८१ चे काय? आणि ३७ व ३३३६६७ हे अवयव पहिल्या रकान्यात टाकावेत की नाही?

हातचा_एक
सर, ८१ साठी बहुपदी वापरा. नववीला ती अभ्यासक्रमात आहेच.

(१ + क्ष + क्ष² + … + क्ष⁸) या नऊ पदांच्या राशीचा वर्ग केला की सहगुणक १, २, ३, …, ९, …, ३, २, १ असे येतात. येथे दहाचा कोठेही उल्लेख नाही. आता क्ष = १० ठेवले की आपली संख्या मिळते. क्ष = १ ठेवले की डावीकडे ९ चा वर्ग आणि उजवीकडे सहगुणकांची बेरीज, म्हणजेच अंकांची बेरीज ८१. क्ष = −१ ठेवले की दोन्हीकडे १, यावरून संख्येला ११ ने भागल्यास बाकी १ उरते हे भागाकार न करता समजते. क्ष = १०० ठेवले तर १०१०१०१०१०१०१०१०१ चा वर्ग १०२०३०४०५०६०७०८०९०८०७०६०५०४०३०२०१ हाती लागतो. एकाच समानतेची ही चार रूपे आहेत.

भाग जाण्याबद्दल: १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने. आता पाया ब घ्या आणि त्यात (ब − १) एक लिहा. त्या संख्येच्या अंकांची बेरीज ब − १ आहे, आणि दहाच्या पद्धतीत ९ ची जी कसोटी आहे तीच पाया ब मध्ये ब − १ ची असते, म्हणून भाग जाणारच. वर्गाच्या अंकांची बेरीज (ब − १) चा वर्ग, आणि तिनेही भाग जाणार. थोडक्यात, प्रत्येक पायातला पूर्ण मनोरा त्या पायात हर्षद असतो.

याउलट दहाच्याच पद्धतीत लहान मनोरे पाहा. १२३२१ च्या अंकांची बेरीज ९ आणि १२३२१ = ९ × १३६९, म्हणून ती हर्षद. १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. एकापासून नऊ एकांपर्यंतच्या वर्गांत १, १२३२१ आणि आपली संख्या एवढ्याच तीन हर्षद ठरतात.

शून्यवादी
ही मांडणी मला पटली. बहुपदीतून आलेले विधान कोड्याच्या सदरातले राहत नाही. पण मग एक गोष्ट मान्य करा की दहा या पायाला त्यात काही विशेष मान नाही. पाया ९ तर दहापेक्षा वरचढ आहे. पाया ९ मध्ये केवळ एकांनी लिहिलेली प्रत्येक संख्या त्रिकोणी असते. आठ एकांची किंमत ५३८०८४० होते आणि ती म्हणजे १ पासून ३२८० पर्यंतच्या संख्यांची बेरीज. त्रिकोणी संख्येचा वर्ग म्हणजे ओळीने घनांची बेरीज, तेव्हा पाया ९ मधला पूर्ण मनोरा १ पासून ३२८० पर्यंतच्या सर्व घनांच्या बेरजेइतका आहे. आपला दशमान मनोरा असे काही करू शकत नाही, कारण १११११११११ त्रिकोणी नाही.

पंचवटीकर
विरोध करायला आलेले गृहस्थ सर्वांत देखणे उदाहरण देऊन गेले.

मृण्मयी_इंदिरानगर
अवयवांबद्दल माझे मत असे आहे. ३७ आणि ३३३६६७ हे संख्येचेच अवयव आहेत, त्यामुळे पहिला रकाना. पण ते या संख्येत का आले, याचे कारण दहाशी जोडलेले आहे. १/३७ चे दशांश रूप ०.०२७०२७… असे तीन अंकांनी आवर्ती होते आणि तीन अंकांचा आवर्ती खंड असणारी ३७ ही एकमेव मूळ संख्या आहे. १/३३३६६७ चा आवर्ती खंड ०००००२९९७ असा नऊ अंकांचा असून, नऊ अंकांचा खंड असणारी मूळ संख्याही ती एकटीच. म्हणजे नऊ एक लिहिले की हे दोन पाहुणे आलेच पाहिजेत. ‘गुण संख्येचा, कारण लिखाणाचे’ असा तिसरा रकाना मला अपरिहार्य दिसतो.

देवळाली_कॅम्प
उशिरा येत आहे, पण देवळालीचा माणूस म्हणून एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. कापरेकरांनी आणखी एक प्रकार सांगितला होता. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या मिळते. पहिली ही दुसरीची जनक. ज्या संख्येला जनक नाही ती स्वयंभू, आणि अशा संख्यांना आमच्या गावावरून देवळाली संख्याही म्हणतात. तर आपली संख्या देवळालीची आहे काय?

हातचा_एक
हिशेब केला. आपली संख्या देवळालीची नाही, पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही.

जनक संख्या आपल्या संख्येपेक्षा थोडीच लहान असणार, म्हणून पहिले चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ तेच राहतात. त्यांची बेरीज ७५. शेवटच्या तीन अंकांची बेरीज फार तर २७, तेव्हा जनकाच्या अंकांची बेरीज ७५ ते १०२ यांमधली. शिवाय आपल्या संख्येला ९ ने भाग जात असल्यामुळे जनकालाही जातो, म्हणून ती बेरीज ८१, ९० किंवा ९९ यांपैकीच असली पाहिजे. ३२१ − ८१ = २४०, अंकांची बेरीज ६, आणि ७५ + ६ = ८१. जमले. उरलेल्या दोन शक्यता जमत नाहीत. म्हणून एकमेव जनक १२३४५६७८९८७६५४२४०.

आता या जनकाचा जनक शोधा. २४० − ८१ = १५९, अंकांची बेरीज १५, ७५ + १५ = ९०, हवे होते ८१; नाही. २४० − ९० = १५०, मिळतात ८१, हवे होते ९०; नाही. २४० − ९९ = १४१, मिळतात ८१, हवे होते ९९; नाही. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ही स्वयंभू आहे. आपली संख्या देवळालीची नसली तरी तिचे माहेर देवळालीच आहे.

देवळाली_कॅम्प
आता ही संख्या मी दारावर लिहितो.

मृण्मयी_इंदिरानगर
मी त्याच रीतीने सगळे कूळ तपासले. १ आणि १२१ या स्वतःच स्वयंभू आहेत. १२३२१ चा जनक १२३१२, त्याचा १२३०३, त्याचा १२२८५, त्याचा १२२६७, अशी वंशावळ बरीच मागे जाते. १२३४५४३२१ पासून पुढच्या प्रत्येकीला एकच जनक आहे. मधली १२३४३२१ मात्र वेगळी निघाली. तिला दोन जनक आहेत: १२३४३०४ + १७ आणि १२३४२९५ + २६, दोन्हींची बेरीज १२३४३२१.

निवृत्त_मास्तर
ज्या संख्येला एकाहून अधिक जनक असतात तिला कापरेकरांनी ‘जंक्शन संख्या’ म्हटले आहे. सर्वांत लहान जंक्शन १०१; ती ९१ + १० अशीही मिळते आणि १०० + १ अशीही.

मनमाडवाला
देवळालीला इतका मान मिळाला, तेव्हा १२३४३२१ आमच्या तालुक्याच्या नावावर करण्यात यावी. जिल्ह्यातले जंक्शन आमचेच आहे.

गोदाकाठचा_शिक्षक
मागणी मुलांपुढे ठेवतो. पण स्वयंभू असणे तर पूर्णपणे दहाच्या लिखाणावर अवलंबून असणार, तेव्हा ते दुसऱ्या रकान्यात टाकावे ना?

शून्यवादी
थांबा सर, मी ते इतर पायांत तपासले, आणि उत्तर मला अपेक्षित होते तसे आले नाही.

पाया ब मधल्या पूर्ण मनोऱ्याचे शेवटचे तीन अंक ३२१ आणि अंकांची बेरीज (ब − १) चा वर्ग. ३२१ मधून ती वजा केली तर त्याच पायात २४० उरते, कारण ३ब² + २ब + १ मधून ब² − २ब + १ गेले की २ब² + ४ब. अंकांची बेरीज ३ + २ + १ = ६ होती आणि २ + ४ + ० = ६ च राहिली. म्हणून २४० ने संपणारा जनक ५ पासून पुढच्या प्रत्येक पायात असतो.

त्या जनकाला पुन्हा जनक आहे का, हे पाया सम की विषम यावर ठरते. ब सम आणि निदान ८ असेल तर हातचा_एक यांचीच तीन शक्यतांची चाचणी जशीच्या तशी चालते आणि तिन्ही नापास होतात, म्हणजे पाया ८, १०, १२, १६ सर्वांत तो स्वयंभू. ब विषम असेल तर ब − १ सम असल्यामुळे तिच्या निम्म्याच्या पटीही विचारात घ्याव्या लागतात, आणि त्यांतली एक जमते. पाया ९ मध्ये बेरीज ६८ घ्या: २४० म्हणजे दशमानात १९८, त्यातून ६८ गेले १३० राहिले, ते पाया ९ मध्ये १५४, अंकांची बेरीज १०, आधीच्या अंकांची ५८, एकूण ६८.

तेव्हा मृण्मयीताईंच्या तिसऱ्या रकान्याशेजारी चौथा आखून त्याला ‘सम पायांचे’ असे शीर्षक द्यावे लागेल. कागद मोठा आणा.